तीन बाजूंचे फोटो

"मान जरा डावीकडे. एवढी नको. उजेड गालावर आडवा पडला पाहिजे, असं लिहिलंय तुझ्या डॉक्टरणीने."

कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून अण्णा चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचत होते. मी स्टुडिओतल्या गोल स्टुलावर बसले होते. तोंडाला पावडर नाही, केस मागे ओढून बांधलेले, ओढणी खुर्चीवर. ओढणीशिवाय उजेडात बसायची मला सवय राहिली नव्हती.

"हसू का?" मी विचारलं.

"नको. हसू मी नंतर घालतो."

हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. तासगावातल्या निम्म्या लोकांनी तो ऐकलेला होता, आणि निम्म्या लोकांच्या लग्नाच्या फोटोंत तो खराही होता. मागे आई दारात उभी राहून तीळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तिला छळू नका. आधीच तोंड केवढंसं झालंय तिचं."

"केवढंसं कुठलं? पूर्ण फ्रेम भरलीय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा कापडाखाली गेले.

समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. डॉ. मगदूम यांना तीन फोटो हवे होते, कृष्णधवल, बाजूच्या उजेडातले, म्हणजे गालांवरच्या खड्ड्यांची सावली नीट पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला त्यांच्या दवाखान्यात ते द्यायचे आणि त्याच दिवशी माझे गाल घासून घ्यायचे, असं ठरलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुरमं चौदाव्या वर्षी आली आणि एकोणिसाव्या वर्षी गेली. जाताना गालांची चाळण करून गेली. त्यानंतर मी काय काय केलं ते आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. जायफळ दुधात उगाळून लावलं. मसुराचं पीठ लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस लावून उन्हात बसले आणि कातडी भाजून घेतली. औषधांच्या दुकानातून एक मलम आणलं, त्याने दोन महिने तोंड गोरं आणि गुळगुळीत दिसलं आणि तिसऱ्या महिन्यात ते होतं त्याहून वाईट झालं. घरातल्या कोणत्या खोलीत किती वाजता कुठून उजेड येतो हे मला पाठ होतं. कुणाशी बोलायची वेळ आली तर मी आधी खिडकी कुठे आहे ते बघायची आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहायची.

आदल्या वर्षी मुलींच्या शाळेत तीन महिने बदली शिक्षिका म्हणून गेले होते. आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असताना मागून आवाज आला, "किसणीबाई, खालचं दिसत नाही." वर्ग हसला. मी खालचं पुसून वर लिहिलं. आता त्याच शाळेत जूनपासून कायम नोकरी मिळाली होती. ते पत्र आलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी त्या रात्री झोपले नाही.

डॉ. मगदूम यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी भिंग घेऊन माझे गाल वीस मिनिटं पाहिले. त्या उंच, मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. उपाय त्यांनी भाजीवालीने भाव सांगावेत तसे सांगितले. "उथळ डागांना ॲसिड लावून साल काढता येते. काही खड्डे आतून धाग्याने खाली ओढलेले असतात, तिथे सुई घालून ते धागे तोडायचे. फार खोल असतील ते कापून तिथे कानामागच्या कातडीचा तुकडा बसवायचा. आणि तुझ्यासारखे गालभर असतील तर घासायचं. बारीक चाक फिरतं, सुतार लाकूड घासतो तसं. दहा दिवस तोंड सोललेलं राहतं. ऐकून पळून जाणार आहेस का?"

"सगळं जाईल?"

"नाही. निम्मं जाईल. सगळं जातं म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नकोस."

निम्मं. मी परतीच्या बसमध्ये सबंध वाट तो शब्द तोंडात धरून बसले होते. ते घासायचं यंत्र पुण्याचे एक डॉक्टर थंडीत एकदोनदा घेऊन येत. जानेवारीच्या शेवटी यायचे ते शेवटचे. त्यानंतर ऊन वाढतं, आणि ताज्या कातडीला ऊन लागलं की ती काळी पडते. म्हणजे आत्ता नाही तर दिवाळीनंतर. म्हणजे आठवीचा वर्ग, तेच गाल घेऊन.

दुपारी अण्णांनी निगेटिव्ह धुऊन वाळत घातल्या. संध्याकाळी ते प्रिंट काढायला डार्करूममध्ये गेले, आणि आई स्टूल घेऊन दाराबाहेर बसली. हा आमच्या घरातला सहा महिन्यांचा रिवाज होता. आदल्या पावसाळ्यात अण्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी डार्करूम बंदच करायला सांगितली होती: कोंदट खोली, रसायनांचा वास, तासन्‌तास उभं राहणं. रंगीत फोटो सांगलीच्या लॅबकडे जाऊ लागले होते, पण कृष्णधवल काम अण्णा सोडेनात. शेवटी तह झाला. आठवड्यातून एकदा, फार तर तासभर, आणि आई दाराशी. दर दहा मिनिटांनी ती दारावर दोनदा टकटक करायची. आतून एक टकटक यायची. कधी कधी ते टकटक न करता ओरडायचे, "अजून आहे!"

"जिभेला काही हाड?" आई म्हणायची.

त्या संध्याकाळी ते सहा वेळा "आहे" म्हणाले. प्रिंट वाळल्यावर पुठ्ठ्यात घालून त्यांनी पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं नाही. स्वतःचा फोटो मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. भाऊ तेव्हा बाहेरगावी नोकरीला होता; रात्री आम्ही तिघांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. आई दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवाबद्दल बोलत होती. बँकेच्या मॅनेजरीणबाईंनी बोलावलं होतं आणि तिथे उखाणा घ्यायला लावतात म्हणून ती आतापासून धास्तावली होती. अण्णांनी तिला एक उखाणा रचून दिला. त्यात त्यांच्या नावाला 'फोटो'चं यमक जुळेना म्हणून आम्ही तिघं बराच वेळ हसलो.

तो आमचा शेवटचा नेहमीसारखा दिवस.

सकाळी साडेअकराला डॉ. मगदूम यांनी पाकीट फोडलं. तीनही फोटो टेबलावर एकाशेजारी एक मांडले. मग माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"मीच."

"मग तुला माझी गरज काय?"

शेजारी उभी असलेली नर्स हसली. मी वाकून पाहिलं. फोटोत एक गोऱ्यापान, तुकतुकीत गालांची मुलगी होती. नाक माझं होतं, डोळे माझे होते. गाल कुणाचेच नव्हते. उजेड बरोबर आडवा पडला होता, आणि त्याला सावली टाकायला काही नव्हतं.

अण्णा निगेटिव्हवर पेन्सिल चालवत. खड्ड्याची सावली निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपक्यासारखी येते. टोकदार शिशाने तो ठिपका भरला की फोटोत तिथे सावली उरत नाही. देवीचे व्रण, भाजल्याच्या खुणा, म्हातारपण, सगळं त्यांनी असंच भरलं होतं. पेन्सिल न लावता फोटो देणं म्हणजे गिऱ्हाइकाला चारचौघांत उघडं पाडणं, असं ते म्हणत. दुपारी निगेटिव्ह वाळल्यावर ते सवयीने टेबलाशी बसले असणार आणि ठिपका न्‌ ठिपका भरत गेले असणार.

"फोटोग्राफर कोण हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे वडील."

त्यांनी फोटो पुन्हा पाकिटात घातले. मग म्हणाल्या, "हे मला चालणार नाहीत."

"पण माझं तोंड इथंच आहे ना, मॅडम. आत्ता बघा, लिहून घ्या. फोटो कशाला हवेत?"

"मला नकोत. सहा महिन्यांनी तुला हवे असतील. निम्मं गेलेलं कुणाला दिसत नाही, उरलेलं निम्मं दिसतं. तेव्हा तू इथे येऊन रडशील की काहीच फरक पडला नाही. सगळ्या रडतात. एकीने तर मला कोर्टात खेचलं होतं. तेव्हापासून आधीचा फोटो असल्याशिवाय मी चाकाला हात लावू देत नाही."

"मी लिहून देते. रडणार नाही."

"वैजयंती, नाही."

मी त्यांच्या टेबलाची कड धरली होती. हे मला आठवतं, कारण नर्सने माझी बोटं हळूच सोडवली. मी मिरजेतला दुसरा फोटोग्राफर गाठते म्हणाले; डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळच्या आत धुऊन कोण देणार? मी म्हणाले, पाया पडते. त्या म्हणाल्या, "पडू नकोस. वडिलांना फोन कर. निगेटिव्ह असतीलच. चार वाजेपर्यंत थांबते. पाचला पुण्याचे डॉक्टर यंत्र घेऊन निघतात."

रस्त्यापलीकडे एसटीडी बूथ होता. काचेचं दार नीट लागत नव्हतं आणि मागे दोन माणसं उभी होती. फोन अण्णांनीच उचलला.

"झालं का गं? दुखलं का फार?"

मी त्यांना सांगितलं.

"हात चालला गं," ते म्हणाले. "मी बसलो नुसतं बघायला. कळलंच नाही."

"अण्णा, पेन्सिल पुसता येते ना?"

"येते. टर्पेंटाइनने पुसली की जाते."

"मग पुसा आणि पुन्हा प्रिंट काढा. एकच्या गाडीला कंडक्टरकडे द्या. नाहीतर दोनच्या."

"वैजू, तुझी आई हळदीकुंकवाला गेलीय. ती आली की लगेच…"

"ती कधी येणार?"

"येईल तीनपर्यंत. उखाणे संपले की."

"तीनला काय उपयोग?"

"दाराशी कुणी नाही, बाळा. डॉक्टरांनी…"

तेव्हा मी एक वाक्य बोलले आणि फोन ठेवला. मीटरवर लाल आकडे एक मिनिट बावन्न सेकंद दाखवत होते.

मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. एकची गाडी अडीचला पोचायला हवी होती. मी स्टँडवर गेले. कंडक्टरकडे काही नव्हतं. दोनची साडेतीनला आली. तिच्यातही नव्हतं. कंडक्टर माझ्याकडे बघत म्हणाला, "पाकीट? नाही बा ताई, कुणी दिलं नाही." मला इतका राग आला होता की स्टँडवरच्या नळावर मी तोंड धुतलं आणि ओढणी न घेता, भर उन्हात, माणसांतून चालत दवाखान्यात गेले. मनात एकच होतं: त्यांनी मुद्दाम काढले नाहीत. त्यांना माझं खरं तोंड कागदावर यायला नकोच आहे. त्यांना लाज वाटते.

साडेचारला नर्सने मान हलवली. पाचला यंत्राची पेटी गाडीत चढवताना मी पाहिली.

सातच्या सुमाराला मी घरी पोचले. स्टुडिओचं शटर अर्धं खाली होतं आणि समोर शेजारचे शिंपी वाकडेकाका उघड्या डोक्याने उभे होते. त्यांची टोपी मी कधी डोक्यावरून उतरलेली पाहिली नव्हती. मला बघून ते बाजूला झाले.

आई साडेतीनला आली होती. डार्करूमच्या दारावरचा लाल दिवा चालू दिसला. तिने दोनदा टकटक केलं. मग आणखी दोनदा. मग तिने हाक मारली, आणि मग वाकडेकाकांना. कडी आतून होती, ती मोडावी लागली. अण्णा टेबलाला टेकून खाली बसले होते, एक हात वर, कडेला धरल्यासारखा. दोन फोटो पाण्याच्या ट्रेमध्ये तरंगत होते. तिसरा अजून पहिल्या रसायनात होता. दार उघडलं तसा त्याच्यावर उजेड पडला आणि सगळ्यांच्या देखत तो काळा झाला.

आई नवी साडी नेसलेली होती. कपाळावर मॅनेजरीणबाईंनी लावलेलं कुंकू तसंच होतं. ती मला म्हणाली, "मी उठले होते गं तीनला. त्यांनी अजून एक उखाणा घ्यायला लावला. मी घेतला. सगळ्या हसल्या म्हणून अजून एक घेतला." मग थोड्या वेळाने, "पण हे आज आत गेलेच का? मी नसताना? वाकडे म्हणतात, दुपारी फोन वाजत होता. तू केला होतास?"

मी म्हणाले, "नाही."

तिने मान डोलावली. "मग त्यांच्याच मनात आलं असेल. तुझेच फोटो होते ते. काहीतरी राहिलं असं वाटलं असेल त्यांना. शेवटपर्यंत तुझंच काम."

पाण्यातले दोन फोटो मी दुसऱ्या दिवशी काढून दोरीवर वाळत घातले. दोन्ही बाजूंचे होते. खड्डा न्‌ खड्डा दिसत होता. असा स्पष्ट, स्वच्छ फोटो त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा काढला नसेल. ते सवयीच्या विरुद्ध बसले होते आणि त्यांनी स्वतःच्या हातचं सगळं पुसलं होतं.

जूनमध्ये मी शाळेत गेले. दिवाळीनंतर, वर्षश्राद्धाला दोन महिने असताना, ते दोन फोटो घेऊन मी डॉ. मगदूम यांच्याकडे गेले. हेही मला सांगितलं पाहिजे. मी थांबले नाही. त्यांनी फोटो टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हां. असे हवे होते. समोरचा?" मी म्हणाले, "तो बिघडला." त्यांनी दोनांवर भागवलं. गार फवारा मारून गाल बधिर केले, चाक फिरायला लागलं, आणि कानाशी तो बारीक आवाज आला. दहा दिवस माझं तोंड सोललेल्या फळासारखं होतं. आई सकाळ-संध्याकाळ कापसाने मलम लावायची, फुंकर घालत. इतक्या जवळून तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. ती म्हणायची, "त्यांना बरं वाटलं असतं." मी डोळे मिटून घ्यायची.

निम्मं गेलं. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला सव्वीस वर्षं होऊन गेली. आई आता एक्क्याऐंशीची आहे आणि माझ्याकडेच राहते. बायका पुढे सगळ्यांनाच हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या, विधवांनाही. आमच्या सोसायटीतल्या तर हात धरून न्यायला येतात. आई जात नाही. हसून सांगते, "एकदा गेले, तेवढं पुरे."

गेल्या रविवारी दुपारी माझ्या भावाची मुलगी ऋजुता आली होती. एकोणीस वर्षांची आहे. गालांवर तेच. ती आईच्या पलंगावर मांडी घालून मोबाइलवर वाचून दाखवत होती.

"आत्या, आता घासत वगैरे नाहीत. लेझर आहे. आणि बारीक सुयांचा रोलर असतो, तो फिरवतात, त्याने आतून नवीन कातडी तयार होते. चार-पाच वेळा जावं लागतं. तू केलंस तेव्हा काय होतं?"

"सुताराचा रंधा," मी म्हणाले.

"शी! आणि तू गेलीस? एवढी डेस्परेट होतीस?"

"होते."

आई उशीला टेकून ऐकत होती. तिने ऋजुताचा गाल अंगठ्याने चाचपला. "तुझ्या आजोबांनी आत्याचे फोटो काढून दिले होते, म्हणून झालं ते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आपल्या मनाने उठले आणि आत गेले. मी दाराशी नव्हते, एवढंच झालं. मी हसत बसले होते तिकडे. मी वेळेवर उठले असते ना, तर तुला आजोबा दिसले असते."

"आजी, असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते. सव्वीस वर्षं रोज बोलते, मनात. आज तू विचारलंस म्हणून तोंडाने." तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं हे सांगावं तसा. "माझ्या हातून गेले ते."

मी हातातला पेला खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला, तिच्यासमोर बसले. खिडकीतून सगळा उजेड माझ्या तोंडावर येत होता.

"आई, तुझ्या हातून नाही. फोन मी केला होता. मिरजेहून, एसटीडी बूथमधून. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले."

ऋजुताने मोबाइल उलटा करून ठेवला. आई माझ्याकडे बघत राहिली.

"ते म्हणाले, दाराशी कुणी नाही, तुझी आई आली की लगेच जातो. तुझी वाट बघणार होते ते, आई. मी बघू दिली नाही. मी म्हणाले, 'एक दिवस तसेच आत गेलात, तर काही मरत नाही तुम्ही.'"